मदत हवी आहे : बाबांच्या आवाजाची कॅसेट

जय भीम. आमचे बाबा मागच्या महिन्यात गेले, वयाच्या ९१ व्या वर्षी. गेल्या उन्हाळ्यापर्यंत इंदोऱ्यात सायकलवर जाऊन भाजी आणायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते दीक्षाभूमीवर होते. आजीनं आदल्या रात्री पांढरा सदरा धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री केला होता. हे सगळं त्यांनी एका कॅसेटवर सांगून ठेवलंय. ती पेटीत सापडली, पण फितीवर पांढरी बुरशी आहे. टेपमध्ये लावायची हिंमत होत नाही, फीत तुटली तर?

नागपुरात बुरशी साफ करून आवाज मोबाइलवर उतरवून देणारं कुणी खात्रीचं माहीत आहे का? कुरिअरनं पाठवायला मन धजत नाही, समोर बसून करून देणारं हवं. बाबा मधेमधे खोकतात, तेही तसंच राहू द्यायचं आहे.