विषय: जुनी नॅरोबोट बघतो आहोत, कुणाला माहिती आहे का?

लेस्टरहून, शनिवार सकाळ

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये मी निवृत्त झालो. गेली दहा वर्षं आम्ही दोघं उन्हाळ्यात आठवडाभर नॅरोबोट, म्हणजे इथल्या अरुंद कालव्यांसाठीची लांब, चिंचोळी, आत राहता येईल अशी बोट, भाड्याने घेऊन कालव्यांवर फिरतो. परत आलं की घरात पाय ठरत नाही. तेव्हा आता स्वतःचीच घ्यायची, असं ठरलं आहे. नवी परवडणार नाही. म्हणून तीन महिने झाले, रात्रीची जेवणं उरकली की आम्ही अपोलो डक या बोटविक्रीच्या संकेतस्थळावरच्या जाहिराती वाचत बसतो.

एक मनात भरली आहे. ६२ फुटी, १९८९ची, नॉर्थॅम्प्टनशरमधल्या एका मरीनात, म्हणजे बोटींच्या तळावर, उभी आहे, किंमत ३८,५०० पौंड. आत ओकच्या फळ्या, कोळशाची शेगडी, दारांवर जुन्या पद्धतीने रंगवलेले गुलाब आणि किल्ले. हिने तर पडद्यांचं कापडसुद्धा ठरवलं. दलाल म्हणतो, दोन गिऱ्हाइकं बघून गेली आहेत, १० टक्के भरून टाका. बोटीचा सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून तपासणी, दोन वर्षांपूर्वी झालेला आहे, पुन्हा करायची गरज नाही, असंही त्याचं म्हणणं.

आमची मुलगी ब्रिगहाउसला असते आणि कालवा तिच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. बोट घेऊन नातीच्या गावात जाऊन राहायचं, एवढी एकच मोठी इच्छा आहे. कुणी अशी जुनी बोट घेतली असेल तर कृपया लिहा. घाई होते आहे, पण पैसे आयुष्यभराच्या बचतीतले आहेत.

आपला,
वि.

नॉटिंगहॅमहून, शनिवार रात्र

काका, नमस्कार.

पैसे भरू नका. निदान आज तरी नको.

मी मूळचा गोव्याचा. माझे बाबा खनिजाच्या बार्जवर सारंग होते. आमोण्याला धक्क्यावर माल भरायचा आणि मांडवीतून मुरगावला जहाजापर्यंत न्यायचा. पावसाळ्यात मांडवीचं मुख खवळलं की बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत काढायची. त्यामुळे कालव्यातली बोट मी पाळण्यात असल्यापासून पाहिली आहे, फक्त ती इथल्यापेक्षा कितीतरी मोठी होती. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि बार्जी नदीकाठाला नुसत्या बांधून पडल्या. वरून रंग शाबूत आणि खाली पत्रा पापडासारखा. बाबा गोदीत चढवलेल्या बार्जच्या बाजूने हातोडी मारत चालायचे आणि आवाजावरून सांगायचे, इथे पत्रा गेला. लोखंडी बोटीची किंमत पाण्याखाली असते. ओकच्या फळ्या नंतर बघा.

नॅरोबोटीलाही हेच लागू आहे. हल्लीच्या बोटींच्या जाहिरातीत १०-६-४ असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे बूड १० मिलीमीटर, बाजू ६, वरची केबिन ४. पण १९८०च्या दशकातल्या बऱ्याच बोटींचं बूडच मुळात ६ मिलीमीटरचं आहे. विमा कंपन्या साधारणपणे ४ मिलीमीटरच्या खाली पत्रा गेलेला चालवून घेत नाहीत. म्हणजे तुमच्या हाताशी जेमतेम दोन मिलीमीटर, आणि बोट पस्तीस वर्षं पाण्यात.

गंज सगळीकडे सारखा लागत नाही. पाण्याच्या रेषेवर, जिथे हवा आणि पाणी दोन्ही मिळतं, तिथे तो जास्त खातो. शिवाय बोट मरीनात वर्षानुवर्षं किनाऱ्याच्या विजेला जोडून ठेवलेली असेल तर शेजारच्या बोटींशी अर्थिंगच्या तारेतून जोडली जाते आणि तिचा पत्रा झिजायला लागतो. ते रोखायला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाची छोटी पेटी लागते. ती आहे का, हे विचारा. बाजूला मॅग्नेशियमचे ठोकळे वेल्ड केलेले असतात, पत्र्याऐवजी ते झिजावेत म्हणून. ते किती उरलेत तेही पाहायला हवं. बुडाला डांबराचा हात साधारण दोन-तीन वर्षांनी द्यावा लागतो. त्याच्या पावत्या मागा. ज्याने ते नेमाने केलं त्याच्याकडे पावत्या असतातच.

आणि सर्व्हे. दोन वर्षांपूर्वीचा सर्व्हे हा दुसऱ्या कुणासाठी केलेला आहे. त्यात चूक निघाली तर तो सर्व्हेअर तुम्हाला बांधील नाही. तुम्ही स्वतः सर्व्हेअर नेमा, दलालाने सुचवलेला घेऊ नका. बोट पाण्याबाहेर काढून अल्ट्रासाउंडच्या यंत्राने जागोजागी पत्र्याची जाडी मोजून घ्या. बाहेर काढण्याचा खर्चही तुमच्याच अंगावर येईल, पण तो करा. आगाऊ रक्कम भरायचीच असेल तर "सर्व्हेच्या अटीवर" असं लेखी घेतल्याशिवाय भरू नका.

कुणी म्हणेल, पत्रा पातळ आहे तर वरून दुसरा चढवू. करतात तसं. पण त्याने वजन वाढतं, बोट पाण्यात खोल बसते, आणि बाजूची भोकं, पाणी बाहेर जाण्याच्या नळ्या पाण्याच्या जवळ येतात. मला स्वतःला ते पटत नाही.

अजून एक. गाडीला असतं तसं मालकीचं पुस्तक इथे बोटींना नसतं. कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचा (इथले कालवे सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना हा मालकीचा पुरावा नव्हे, आणि तो बोटीबरोबर येतही नाही, तुम्हाला तुमचा नवा काढावा लागेल. आधीच्या मालकांची विक्रीपत्रं एकामागून एक जुळतात का, कर्ज थकलेलं नाही ना, हे बघा.

काकूंना नमस्कार. हवं तर मी तुमच्याबरोबर येतो, रविवार मोकळा आहे.

हडर्सफील्डहून, रविवार सकाळ

काका, घाईत लिहिते आहे, ड्युटीवर निघाले आहे.

६२ फुटी बोट ब्रिगहाउसला पोहोचणार नाही! आमच्याकडच्या कॅल्डर अँड हेबल या जलमार्गाची लॉक्स (दोन्हीकडे दारं असलेले हौद, पाणी भरून-सोडून बोट वर-खाली न्यायचे) साडेसत्तावन्न फुटांची आहेत. हडर्सफील्डच्या बाजूने यावं तर तिथल्या ब्रॉड कॅनलचंही तेच. रुंदीला चौदा फूट आहेत, पण लांबीला तोकडी. याच्या उलट मिडलंड्समधली लॉक्स सत्तर फुटांची पण जेमतेम सात फूट रुंद. म्हणून सगळीकडे फिरायचं असेल तर ५७ फूट लांब आणि पावणेसात-सात फूट रुंद, एवढ्यातच बसायला हवं. नातीकडे जायचं तर लांबी आधी ठरवा.

हेमेल हेम्पस्टेडहून, रविवार दुपार

काका-काकू, नमस्कार.

मी ग्रँड युनियन कालव्यावर तीन हिवाळे काढले, एकटीने, ५० फुटी बोटीत. हुरूप घालवायला लिहीत नाही, तो काळ मला फार प्रिय आहे. पण काकूंना काही गोष्टी कुणी जाहिरातीत सांगणार नाही.

कुकरच्या तीन शिट्ट्या म्हणजे सगळ्या खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ. जानेवारीत पलंगाच्या गादीखाली हात घालून बघा, ओल लागेल. म्हणून बोट बघायला जाल तेव्हा गादी उचला, कपाटांचे मागचे कोपरे हुंगा. बाथरूमखालची जमीन पायाने दाबून बघा. जिथे लाकूड मऊ लागतं तिथे गळती आहे, आणि आतून गंजणारा पत्रा बाहेरच्या मोजणीत पटकन लक्षात येत नाही. फोडणी देताना छताची खिडकी उघडी ठेवायची सवय लावून घ्या. गॅसचा सिलिंडर पुढच्या टोकाला वेगळ्या पेटीत असतो आणि त्या पेटीच्या तळाला बाहेर उघडणारी भोकं असतात, कारण प्रोपेन जड, खाली साचतो. ती बुजलेली नाहीत ना, पाहा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर हवाच. २०१९ पासून बोट सेफ्टीच्या, म्हणजे बोटीच्या सुरक्षिततेच्या, तपासणीत तो सक्तीचा आहे. ते प्रमाणपत्र चार वर्षं चालतं. ते संपत आलेलं असेल तर किंमत कमी करायला सांगा.

संडास कुठला आहे, तेही विचारा. डबा स्वतः नेऊन रिकामा करायचा, की टाकी पंपाने उपसून घ्यायची, हे रोजचं काम आहे आणि तुमच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते बोट उभी कुठे करणार हे. मूरिंग, म्हणजे बोट बांधायची जागा, बोटीबरोबर आपोआप मिळत नाही. ठरलेली जागा नसेल तर १९९५च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी चौदा दिवसांच्या वर राहता येत नाही, पुढे सरकत राहावं लागतं. एप्रिल २०२४ पासून अशा बोटींना परवान्यावर जादा आकारही आहे. सरकत राहण्याचं सुख मोठं आहे. कोळसा, डिझेल, सिलिंडर विकणारी बोट सकाळी हाक मारत येते, आपण चहाचा कप पुढे करायचा. पण डॉक्टरची तारीख, पोस्टाचा पत्ता, हे सगळं आधी बसवून घ्या. आधी मूरिंग शोधा, मग बोट.

आणि काकू, पडद्यांचं कापड जाड घ्या.

लेस्टरहून, पाच आठवड्यांनी

मंडळी,

६२ फुटी सोडली. ती सोडताना हिच्या डोळ्यांत पाणी आलं, हे खरं आहे.

मधल्या काळात आठ बोटी बघितल्या. लेस्टरजवळच एक दहा फुटी रुंद वाइडबीम फार मोहात पाडत होती, आत घरासारखी ऐसपैस. पण ती इथून उत्तरेला सोअर नदीतून ट्रेंटला जाईल, दक्षिणेला फॉक्स्टन आणि वॉटफर्डच्या सात फुटी लॉक्सना अडेल. (वॉटफर्ड म्हणजे नॉर्थॅम्प्टनशरमधलं, लंडनजवळचं नव्हे.) म्हणून तिलाही नमस्कार केला.

मग ही मिळाली. ५५ फुटी, १९९६ची, १०-६-४. मागणी ४९,००० होती. नॉटिंगहॅमचे आपले सारंगपुत्र दोनदा बरोबर आले, हिने गाद्या उचलल्या. सर्व्हेच्या अटीवर आगाऊ रक्कम भरली. बोट क्रेनने वर आली तेव्हा सर्व्हेअरने आधी हातोडीच हातात घेतली. बूड चांगलं निघालं, साडेआठ-नऊच्या आसपास. पण डाव्या बाजूला मागे पाण्याच्या रेषेवर खड्डे, एका जागी फक्त ४.१ उरलेला. अकरा वर्षं मरीनात विजेला जोडलेली आणि ती छोटी पेटी नाहीच. मॅग्नेशियमचे ठोकळे सुपारीएवढे राहिले होते.

विक्रेत्या आजोबांनी सर्व्हे वाचला आणि एका शब्दाने वाद घातला नाही. खड्डे वेल्डिंगने भरून, नवे ठोकळे लावून, वर किंमत ४५,०००. त्यांनी पहिल्यापासूनच्या डांबराच्या पावत्या, आधीच्या दोन मालकांची विक्रीपत्रं, सगळं एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेलं होतं, तो डबाच हिच्या हातात दिला. बोटीच्या पाण्याच्या टाकीचं झाकण कसं अडकतं आणि कुठे ठोकायचं, हेही त्यांनी दोनदा करून दाखवलं.

मूरिंग सोअरच्या काठी मिळालं आहे, एक ऑगस्टपासून.

पुढच्या शनिवारी बुडाला डांबर लावायचं आहे. दोन हात द्यायचे, मध्ये सुकू द्यायचं. ज्यांना यायचं असेल त्यांनी जुने कपडे घालून दहापर्यंत यावं, पत्ता मी वेगळा पाठवतो. ही भाकरी, पिठलं आणि ठेचा आणणार आहे. हडर्सफील्डच्या ताईंना विचारायचं राहिलं: तुमच्याकडच्या सॉल्टरहेबलच्या लॉकमध्ये ५५ फुटी बोट सरळ बसते ना, की पुढचे दोर आवळून धरावे लागतात?

वि.

हडर्सफील्डहून, त्याच रात्री

बसते, काका. खाली उतरताना मागचं टोक वरच्या दाराच्या उंबऱ्यापासून पुढे ठेवा, तिथे पांढरी रेघ आहे. एक दांडकं मात्र लागेल: कॅल्डर अँड हेबलच्या काही दारांची पाणी सोडायची झडप लॉकच्या नेहमीच्या किल्लीने उघडत नाही, जाड चौकोनी लाकूड खोबणीत घालून ढकलावं लागतं. माझ्याकडे जादा आहे, शनिवारी घेऊन येते.