सॉलिड स्टेट बॅटरीची वाट पाहावी, की आज मिळणारी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी?

घोडबंदरकर (प्रश्न):
माझी डिझेल गाडी आता बदलावी लागणार आहे. कासारवडवली ते ऐरोली हा रोजचा प्रवास आणि महिन्यातून एकदा पुणे, एवढाच माझा वापर आहे. परवा एका शोरूममध्ये मला सांगण्यात आले की, सॉलिड स्टेट बॅटरी दोन-तीन वर्षांत येणारच आहे, हायड्रोजनवर चालणारी गाडीही फार लांब नाही, त्यामुळे आज इलेक्ट्रिक गाडीत पैसे अडकवण्यापेक्षा तोवर त्यांची हायब्रीड, म्हणजे इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी, घ्यावी. हा सल्ला माझ्या हिताचा आहे, की त्यांच्याकडे विकायला इलेक्ट्रिक गाडी नाही म्हणून दिलेला आहे, हे मला समजून घ्यायचे आहे.

ऐरोलीकर:
सॉलिड स्टेट बॅटरी ही थाप नाही, हे आधी स्पष्ट करतो. आजच्या बॅटरीत दोन टोकांच्या थरांमध्ये (इलेक्ट्रोडमध्ये) विद्युतभार वाहून नेणारा द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, असतो. त्याऐवजी घन पदार्थ वापरला, तर तेवढ्याच वजनात अधिक ऊर्जा साठवता येण्याची आणि आगीचा धोका कमी होण्याची शक्यता खरी आहे. अडचण कारखान्यात आहे. चार्जिंगच्या वेळी इलेक्ट्रोड फुगतात आणि नंतर आकसतात. द्रव ती फट भरून काढतो, घन पदार्थ काढत नाही, त्यामुळे थरांमधला संपर्क सुटत जातो. सल्फाइड प्रकारच्या घन इलेक्ट्रोलाइटला हवेतला ओलावा लागला की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो, म्हणून उत्पादन अत्यंत कोरड्या हवेत करावे लागते. प्रयोगशाळेतला एक सेल आणि लाखो गाड्यांसाठी परवडणाऱ्या दरातले सेल यांत जे अंतर आहे, ते इथे आहे.

आता तारखा पाहा. टोयोटाने २०१७ मध्ये या बॅटरीसाठी २०२० च्या दशकाच्या सुरुवातीचा काळ सांगितला. २०२१ मध्ये ती दशकाच्या मध्याला, तीही आधी हायब्रीडमध्ये, येईल असे म्हटले. २०२३ मध्ये २०२७-२८ चा उल्लेख झाला. संशोधनात उशीर होणे हा गुन्हा नाही, पण अशा तारखेच्या भरवशावर आपण गाडीची खरेदी लांबवू नये.

हायड्रोजनचा इतिहास याहून बोलका आहे. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात ईव्ही-१ ही इलेक्ट्रिक गाडी भाड्याने दिली आणि पुढे गाड्या परत घेऊन बहुतेक मोडीत काढल्या. रस्त्यावर धावणारी इलेक्ट्रिक गाडी अशी बाजूला पडली, आणि २००३ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी, आज जन्मलेले मूल पहिल्यांदा चालवील ती गाडी हायड्रोजनची असू शकेल, अशी आशा दाखवली. ते मूल आज विशी ओलांडून गेले आहे. २०२४ मध्ये शेल या तेल कंपनीने कॅलिफोर्नियातले मोटारींचे हायड्रोजन पंप बंद केले आणि २०२५ मध्ये स्टेलांटिस या मोटार कंपनीने आपला हायड्रोजन वाहनांचा कार्यक्रम थांबवला. विजेपासून हायड्रोजन करून, तो दाबून भरून, गाडीत पुन्हा त्याची वीज करताना निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया जाते, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

म्हणून कंपनीची बांधिलकी मी तिच्या आजच्या विक्रीवरून मोजतो. टाटांची नेक्सॉन ईव्ही २०२० च्या जानेवारीत ३०.२ किलोवॅट-तासांच्या बॅटरीसह आली, आणि पुढे त्याच नावाची गाडी ४५ किलोवॅट-तासांपर्यंत गेली. सुधारणा विकता विकता झाली. उलट मारुतीने २०१८ मध्ये वॅगन-आरच्या पन्नास इलेक्ट्रिक नमुन्यांची चाचणी जाहीर केली. ती गाडी ग्राहकांना मिळालीच नाही, आणि कंपनीच्या पहिल्या इलेक्ट्रिक गाडीचे, ई-विटाराचे, उत्पादन सुरू व्हायला २०२५ उजाडले. म्हणूनच उद्याच्या बॅटरीचे नाव सांगून आज हायब्रीड सुचवणे हा मला बहाणा वाटतो.

खारघरकर:
वरील विवेचन मान्य आहे, पण हायब्रीडला सरसकट बहाणा म्हणणे मला पटत नाही. आमच्या सोसायटीत चार्जरच्या परवानगीचा अर्ज आठ महिने पडून होता, आणि त्या काळात ज्यांना गाडी घ्यावीच लागली, त्यांच्यासाठी हायब्रीड हाच व्यवहार्य मार्ग होता. घोडबंदरकर, आपले पार्किंग मीटर रूमपासून किती लांब आहे आणि इमारतीसाठी मंजूर झालेल्या विजेच्या भारात जागा शिल्लक आहे का, हे आधी विचारून घ्या. महावितरणकडून चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर घेता येतो, मात्र केबलचा खर्च अंतराप्रमाणे वाढतो.

घोडबंदरकर:
दोघांचेही आभार. माझे पार्किंग दुसऱ्या पोडियमवर असून मीटर रूम तळमजल्यावर, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आहे, हे मी आजवर लक्षात घेतले नव्हते. रविवारच्या कमिटीच्या बैठकीत लेखी अर्ज देतो आणि मंजूर भाराचा आकडा मागतो. परवानगी मिळेपर्यंत जुनीच गाडी चालवीन, पण सॉलिड स्टेटसाठी थांबणार नाही.