अनुभव धागा: जुनी गाडी सेल्फ मारताच ओव्हर होऊन बंद पडते तेव्हा

ज्यांच्या दारात अजून कार्ब्युरेटरची (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर किंवा जुनी मारुती ८०० उभी आहे, त्यांच्यासाठी हा धागा. ओव्हर होणं म्हणजे इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल उतरणं. सेल्फ फिरतो, पेट्रोलचा भपकारा येतो, इंजिन दोन आचके देतं आणि बंद. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. त्या चालवणाऱ्यांच्या हातात जे ज्ञान होतं ते विरून जाऊ नये, असं मनापासून वाटतं. नुसतं ‘कार्ब्युरेटर साफ केला’ असं लिहू नका, त्याआधी काय तपासलं तेही सांगा. ओला स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा) बघून एवढंच कळतं की पेट्रोल जळलं नाही. जास्त आलं म्हणून, की ठिणगीचा करंट कमी पडला म्हणून, ते शोधावं लागतं.

सुरुवात माझ्या पद्मिनीपासून. थंड असताना चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी दांडी) ओढला की लगेच सुरू व्हायची, मिनिटभरात काळा धूर सोडून बंद. एअर फिल्टर काढून टॉर्चने कार्ब्युरेटरच्या घशात पाहिलं. इंजिन बंद, तरी आत पेट्रोल टपकत होतं. म्हणजे पेट्रोल अडवणारी निडल बसत नव्हती किंवा तिला वर ढकलणारा तरंगता फ्लोट बुडत होता. पितळी फ्लोट काढून कानाशी हलवला तर आत पेट्रोल खळखळलं. गरम पाण्यात धरल्यावर बारीक चिरेतून बुडबुडे आले. डाग देऊन चीर बुजते, पण फ्लोटचं वजन वाढतं आणि पेट्रोलची पातळी पुन्हा चढते. म्हणून नवाच घातला.

नागपूर
आमच्याकडे हा त्रास मे महिन्यात. गाडी तापलेली, बाजारात जरा थांबवली की इंजिनच्या धगीने फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आत उतरतं. अशा वेळी चोक पूर्ण आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा. पाय वरखाली करू नका, दर दाबाला कार्ब्युरेटरमधला छोटा पंप आणखी पेट्रोल फेकतो. कार्ब्युरेटरखालचं उष्णता अडवणारं जाड पॅकिंग जागेवर आहे का तेही बघा. आमच्या गाडीत कुणीतरी ते काढून पातळ कागदी पॅकिंग लावलं होतं.

सांगली
मी गॅरेजमध्ये उमेदवारी केली तिथल्या उस्तादांची शिकवण: आधी करंट, मग कार्ब्युरेटर. ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळट, मरगळलेली असेल तर ठिणगीचा करंट बनवणारे पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल बघा. बॅटरी विसरू नका. सेल्फ फिरताना व्होल्टेज दहाच्या बरंच खाली गेलं तर सगळा जोर सेल्फच खातो, कॉइलला काही उरत नाही. तोवर पेट्रोल येतच राहतं आणि प्लग भिजतात. एक कळकळीची विनंती: पेट्रोलचा वास येत असताना ठिणगी तपासू नका. बॉनेट उघडून वाफ जाऊ द्या, सांडलेलं पुसा, मगच प्लग धरा.

पुणे
माझी गाडी इंजेक्शनची, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटर पेट्रोल मोजून देतो, पण लक्षणं हीच. गरम इंजिन सुरू करताना काळा धूर, मग बंद. कूलंट टेम्परेचर सेन्सरवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणारा) मल्टिमीटर लावला. बहुतेक गाड्यांत हा सेन्सर वीस अंशांना दोन ते तीन हजार ओहम दाखवतो, ऐंशीला तीनशेच्या आसपास. माझा तापलेल्या इंजिनावरही हजारांतच होता, म्हणून कॉम्प्युटर इंजिन थंड समजून पेट्रोल वाढवत होता.

रत्नागिरी
दादा, पुण्याचं वाचून आमची ८०० आठवली. तिची ऑइलची कांडी काढली तर पातळी वर चढलेली आणि पेट्रोलचा वास. टाकीतून कार्ब्युरेटरकडे पेट्रोल ढकलणाऱ्या, इंजिनावरच्या पंपाचा पडदा फाटून ते थेट ऑइलमध्ये उतरत होतं. असं दिसलं तर गाडी सुरूच करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पंप बदलला, ऑइल आणि फिल्टर दोन्ही नवे टाकले, मगच सेल्फ मारला.

सांगली
बरोबर आहे. आणि नवा पंप बसवताना खालचं मूळ जाडीचं पॅकिंगच लावा. ते पातळ झालं की पंपाचा दांडा जास्त ढकलला जातो, दाब वाढतो आणि चांगली निडलसुद्धा पेट्रोल अडवू शकत नाही.