मदत हवी आहे : आजींचं गुपित आणि मुलाला हवं असलेलं पत्र

नमस्कार मंडळी. मी समुपदेशक आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून लिहिते आहे.

अठ्ठ्याहत्तरीच्या एक आजी माझ्याकडे येतात. फी मुलगा भरतो, तोच आणून सोडतो. गेल्या वेळी तो बाहेर गेला तशी त्यांनी दाराकडे पाहिलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि हळूच म्हणाल्या, "घर त्याच्या नावावर करायचं नाहीये मला. पण त्याला सांगू नकोस हं बाळा."

आता मुलाला माझ्याकडून पत्र हवंय, आईची बुद्धी शाबूत असल्याचं. बक्षीसपत्रासाठी, म्हणजे घर त्याच्या नावावर करून देण्याच्या दस्तासाठी. शिवाय "आई काय बोलते?" हेही तो दर वेळी विचारतो.

स्मरणशक्तीच्या चाचणीत त्यांना ३० पैकी २३ गुण मिळाले. पण शिक्षण चौथीपर्यंत, ऐकायलाही कमी येतं. त्यामुळे या आकड्यावरून मी काहीच ठरवणार नाही. आणि बुद्धी शाबूत असणं वेगळं, मनापासून राजी असणं वेगळं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधला गोपनीयतेचा हक्क वय झालं म्हणून संपत नाही. फी भरणारा मुलगा असला तरी माझ्या लेखी अशील आजीच आहेत.

पत्र नाकारलं, तर तो त्यांचं येणंच बंद करेल याची मला फार धास्ती वाटते. आठवड्यातला तेवढाच एक तास त्यांचा स्वतःचा आहे.

ज्येष्ठांसोबत काम करणाऱ्यांनो, तुम्ही मुलाशी कसं बोलला असतात? आजींना वकिलाकडे किंवा १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनकडे नेमकं कधी वळवावं?