आजीचा ताईत काठमांडूच्या पोतेबाजारात ओवून घ्यावा का? आणि असनच्या बाजारातून काय आणावे?

रानजाई (प्रश्न):
नमस्कार. जुलैच्या अखेरीस आठ दिवसांसाठी काठमांडूला जाणार आहे. माझ्याकडे आजीचा चांदीचा ताईत आहे. तो करंगळीच्या पेराएवढा आणि नळीच्या आकाराचा असून दोन्ही टोकांना बारीक कड्या आहेत, त्यांतली एक झिजून कागदासारखी पातळ झाली आहे. आईच्या जन्मानंतर आजीने त्यात देवरुखच्या सोळजाईचा अंगारा भरला आणि तो काळ्या गोफात पुढे जन्मभर गळ्यात ठेवला. आजी गेल्यावर गोफ कुजला. इथल्या एका सराफाने ताईत मोडीत घालून नवे पदक घेण्याचा सल्ला दिला, तेव्हा मी काही न बोलता दुकानातून बाहेर पडले.

माझ्या नेपाळी सहकारी मैत्रिणीच्या गळ्यात बारीक काचमण्यांच्या अनेक सरांची माळ असते आणि तिच्या मधोमध सोन्याची नळी असते. ती पाहिल्यापासून आजीचा ताईत तशाच माळेत ओवून घ्यावा असे मनात आहे. मात्र माझे लग्न झालेले नाही, त्यामुळे तिथल्या रीतीचा माझ्याकडून अवमान होईल का, हे जाणून घ्यायचे आहे. शिवाय असनचा बाजार मनसोक्त फिरायचा आहे. आमच्याकडे बांगड्याच्या आमटीत तिरफळ पडतेच, आणि नेपाळात त्याच्या जवळचे काहीतरी मिळते असे ऐकले आहे.

पायवाट:
रानजाईताई, नोकरीनिमित्त मी सहा वर्षे काठमांडूला लागून असलेल्या पाटणला राहिलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आपण पाहिलेल्या माळेला पोते म्हणतात (आपल्या ‘पोत’ या शब्दाचे भावंडच वाटते) आणि मधल्या सोन्याच्या नळीला तिलहरी. तिलहरी हे सौभाग्याचे लेणे आहे. आपल्या मंगळसूत्राच्या वाट्या कोणी केवळ शोभेसाठी घालत नाही, तसेच तिलहरीचे समजावे. लाल पोतेही मुख्यतः सुवासिनी घालतात. इतर रंगांची पोते मात्र कुमारिकाही हौसेने घालतात. त्यामुळे आपला ताईत लाल सोडून दुसऱ्या रंगात ओवून घेतला, तर कोणालाही वावगे वाटणार नाही. नेपाळी लोकही जंतर म्हणून अशी पेटी गळ्यात बांधतात, तेव्हा कारागिराला ‘हे आजीचे जंतर आहे’ एवढे सांगितले तरी पुरेल.

आपण जाल तेव्हा तिथे साउन महिना चालू असेल. त्यांचे महिने सौरमानाचे असल्याने साउन जुलैच्या मध्यालाच लागतो आणि त्या महिन्यात बायका हिरवी पोते व हिरव्या बांगड्या घालतात. हिरव्या चुड्याशी आपले नाते सांगायला नकोच. मी आपल्या जागी असतो तर हिरवाच रंग घेतला असता.

पोतेबाजार इंद्रचोकाला लागून आहे. बोळात शिरले की दोन्ही हातांना मण्यांच्या लडी टांगलेल्या दिसतात. तिथले बरेचसे विक्रेते पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणाऱ्या मुस्लिम घराण्यांतले आहेत. मणी निवडावेत, सर किती आणि लांबी किती ते सांगावे आणि माळ समोर बसून ओवून घ्यावी. तयार माळ घेण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

असन तिथून पायी काही मिनिटांवर आहे. सकाळी लवकर जावे, कारण भाजीवाल्या तेव्हाच बसलेल्या असतात. सहा रस्ते मिळतात त्या चौकात अन्नपूर्णेचे देऊळ आहे आणि तिथे मूर्तीऐवजी पूर्ण कलशाची पूजा होते. लेकीला सासरी पाठवताना आपण अन्नपूर्णा देतो, ती इथे धान्यबाजाराच्या मधोमध बसली आहे. काठमांडू खोऱ्यातले जुने रहिवासी असलेले नेवार लोक तिला अन्नपूर्णा अजिमा म्हणतात आणि नेवारीत अजिमा म्हणजे आजी. आपण जे घेऊन निघाला आहात, ते मनात धरून तिथे क्षणभर थांबावे असे मला वाटते.

आपण ऐकलेली वस्तू म्हणजे टिमूर. तिरफळाच्याच कुळातले, पण दाणा लहान आणि वासाला लिंबाची झाक. एक टरफल दाताखाली धरले की जिभेला मुंग्या येतात. त्या आल्या नाहीत तर माल जुना आहे असे समजावे. आतले काळे बी चवीला निरुपयोगी असते, म्हणून बी कमी आणि उघडी टरफले जास्त असलेला ढीग निवडावा. उडदाच्या वरणाला फोडणी देण्यासाठी जिम्बूची वाळलेली पातही घ्यावी, ती तुपात टाकताच लसणासारखा वास घरभर पसरतो. गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेला पाला, थोडाच आणावा. तो सर्वांना रुचत नाही, मला मात्र फार आवडतो.

गाठवणकर:
आमचे घराणे पटवेकऱ्यांचे, म्हणजे दागिने रेशमात गाठवून देणाऱ्यांचे आहे. आजोबा पायाच्या अंगठ्यात सर अडकवून गाठ मारत, तेव्हा मी शेजारी बसून रेशीम पिळत असे. म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगतो. झिजलेल्या कडीतून दोरा थेट ओवू देऊ नका, तिची धार महिन्याभरात रेशीम कापील. झिजलेल्या जागी डाग देऊन (धातू वितळवून सांधून) घ्यावा असेही कोणी सुचवील, पण त्यासाठी ताईत तापवावा लागेल आणि अंगाऱ्यासोबत आत कागद किंवा कापड असेल तर ते जळून जाईल. त्याऐवजी चांदीच्या तारेचे दोन वेढे कडीत घालून घ्यावेत आणि दोरा त्या वेढ्यांतून न्यावा. ताईत पाण्यात, रिठ्यात किंवा कोणत्याही द्रावणात बुडवू नये, कोरड्या सुती कापडाने पुसावा. थोडा काळसरपणा राहिला तर राहू द्यावा.

तिथे चांदीचे काही घेणार असाल तर तोळ्याचा हिशेब लक्षात ठेवा. आपल्याकडे सराफ आता दहा ग्रॅमचा तोळा धरतात, नेपाळात तो ११.६६ ग्रॅमचा आहे. भाव ऐकून तुलना करताना हमखास गोंधळ होतो. शिवाय आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६० रुपये, तेव्हा विक्रेता कोणत्या रुपयांत बोलतो आहे ते आधीच विचारून घ्यावे.

रानजाई:
आपणा दोघांची मनापासून आभारी आहे. तारेच्या वेढ्यांचे मला कधीच सुचले नसते. माळेत ताईताच्या दोन्ही बाजूंना एकेक रुद्राक्ष घ्यावा असे आईचे म्हणणे आहे. तो तिथेच घ्यावा का?

पायवाट:
अवश्य घ्यावा, नेपाळच्या पूर्वेकडच्या भोजपूर आणि संखुवासभा जिल्ह्यांत तो पिकतो. पंचमुखीच घ्यावा. तो मुबलक आणि स्वस्त असल्याने त्यात फसवणुकीला कारणच उरत नाही. जास्त मुखांच्या दाण्यांत मात्र रेषा कोरलेल्या किंवा दोन दाणे चिकटवलेले सापडतात. दाणा पाण्यात बुडाला म्हणजे खरा, ही परीक्षा विश्वासाची नाही, कारण खरा दाणाही सुकला की तरंगतो. ‘सिद्ध केलेला’ म्हणून कोणी चौपट किंमत सांगितली तर नमस्कार करून पुढे जावे. आपल्या माळेत सोळजाईचा अंगारा आधीच आहे. दाण्याचे छिद्र ताईताच्या दोऱ्याइतकेच रुंद आहे ना, एवढे मात्र विकत घेण्यापूर्वी दोरा ओवून पाहावे.