जॅक लावण्याआधी खालची जमीन बघा

भाऊ, सेंटर स्टँड नसलेली मोटारसायकल चेन साफ करायला उचलायची तर इंजिनाखाली जॅक लावा, असं एका दादाने सुचवलंय. आपल्या काळ्या मातीत जॅक रुततो न् गाडी आडवी होते. आधी फरशी नाहीतर जाड फळी टाका. समोरचा ब्रेक जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधा. मागचं चाक अधांतरी झालं की गाडी सरकू न देणारा तोच एक ब्रेक उरतो. मग साइड स्टँडवर किंचित कलवून उजवीकडून स्विंगआर्मखाली (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याखाली) लाकडी टेकू द्या. सायलेन्सरखाली अजिबात नको. पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) असेल तर उत्तमच, पण लावताना गाडी धरायला दुसरा माणूस हवा. चाक न्यूट्रलमध्ये हातानेच फिरवा. इंजिन चालू ठेवून चेन पुसू नका जी, फडकं अडकलं की बोटही स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात, ओढलं जातं.