अ‍ॅक्युपंक्चर: सुया टोचून घ्याव्यात की नाही?

तळ्यात_मळ्यात:
जुनाट कंबरदुखी आणि अर्धशिशी या दोन्हींसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा विचार चालू आहे. तपासण्या झाल्यात, गंभीर काही नाही. पण कोणी याला रामबाण म्हणतं, तर कोणी निव्वळ मनाचे खेळ. सुया किती खोल जातात? आधार कितपत आहे? आणि कंबर दुखत असताना सुया पायात कशाला?

सूक्ष्मसुई:
आधी इंजेक्शनची सुई डोक्यातून काढा. ती पोकळ असते, टोक तिरकं कापलेलं असतं. ही सुई भरीव असते आणि जाडी बहुधा ०.२० ते ०.३० मिमी. रक्त काढायची सुई साधारण ०.८ मिमी असते, यावरून अंदाज येईल.

सुई प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून येते. नळी त्वचेवर टेकवतात, सुईची मूठ वर चार-पाच मिमी डोकावत असते, तिच्यावर बोटाने टिचकी मारली की टोक त्वचेच्या आत. मग नळी काढून सुई हवी तितकी सरकवतात. बोटांवर जेमतेम ३-५ मिमी, पोटरीत २-३ सेंमी, नितंबात ५ सेंमीपर्यंतही. त्यानंतर सुई चिमटीत धरून फिरवतात. तेव्हा जडपणा, ठसठस, मुंग्या जाणवतात. चिनी परंपरेत याला ‘दे-ची’ म्हणतात आणि ती हवीच असते. वीज सळसळल्यासारखी कळ गेली तर मात्र नस (मज्जातंतू) लागली आहे, लगेच सांगा. सुई थोडी मागे घेतली की थांबतं.

सुया २०-३० मिनिटं ठेवतात. या वेळात कूस बदलली की स्नायू आवळतो आणि सुई वाकते किंवा अडकते. अडकलेली सुई ओढायची नसते. स्नायू सैल होऊ द्यायचा, आजूबाजूला हलकं चोळायचं, की ती आपसूक सुटते. पहिल्या वेळी भोवळ येणारे बहुतेक उपाशीपोटी आलेले आणि बसून सुया घेतलेले असतात. तासा-दोन तासांपूर्वी काहीतरी खाऊन जा आणि आडवं पडूनच घ्या.

आकडेमोड:
आधाराबद्दल. २००७मध्ये जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला औषधं-व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी गुण आलेले अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के.

हे आकडे दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने वापरतात! खऱ्या-खोट्या बिंदूंत फरक नगण्य, म्हणजे नेमक्या जागेचं माहात्म्य डळमळीत. पण दोन्ही सुया नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस. यात अपेक्षेचा वाटा मोठा असणार, कारण तिसऱ्या गटाला आपल्याला सुया मिळालेल्या नाहीत हे माहीत होतं. २०१८मध्ये ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा खोट्या सुयांपेक्षा खऱ्या सुया थोड्या उजव्या ठरल्या. फरक लहान, पण योगायोगाचा नाही.

म्हणूनच मार्गदर्शक सूचनाही हेलकावे खातात. ब्रिटनमध्ये अशा सूचना काढणाऱ्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २००९मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं आणि २०१६मध्ये ‘देऊ नका’ म्हटलं. अर्धशिशीसाठी मात्र त्यांच्या २०१२च्या सूचनांत, प्रतिबंधक औषधं लागू पडली नाहीत तर, ५ ते ८ आठवड्यांत १० बैठकांपर्यंत वाव दिला होता. तुमच्या दोन तक्रारींत माझा कौल अर्धशिशीला.

कणा_ताठ:
पायातल्या सुयांबद्दल: परंपरेनुसार पाठीवरून जाणारी ऊर्जेची एक वाहिनी गुडघ्यामागून खाली जाते, म्हणून तिथे टोचतात. शरीर उघडून पाहिलं तर अशी वाहिनी सापडत नाही. कंबरेतून निघणाऱ्या नसाच पायात उतरतात, हे आधुनिक स्पष्टीकरण त्यातल्या त्यात पटण्यासारखं आहे.

धोक्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. थोडं रक्त येणं, काळं-निळं पडणं नेहमीचंच. खरी भीती खांदा, छाती आणि पाठीचा वरचा भाग इथे. सडपातळ माणसात फुप्फुस त्वचेपासून अवघ्या १-२ सेंमीवर असू शकतं. सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडून हवा बाहेर साचते. हे क्वचित घडतं, पण लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात. सुयांनंतर श्वास घेताना छातीत टोचलं किंवा धाप लागली तर थेट रुग्णालय गाठायचं, पुढच्या बैठकीची वाट पाहायची नाही.

रक्त पातळ करणारी गोळी, गर्भारपण, काखेतल्या गाठी काढल्याने हाताला येणारी सूज, हे आधी सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडू देऊ नका. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. टोचताना मोजा, काढताना मोजा. केसांतली आणि कानामागची सुई हमखास विसरली जाते.

तळ्यात_मळ्यात:
मग १० बैठकांचे पैसे एकदम भरावेत का?

आकडेमोड:
नको. आधी चार आठवडे नोंद ठेवा: डोकं दुखल्याचे दिवस, घेतलेल्या गोळ्या, आणि कंबर कुरकुरायच्या आत किती मिनिटं बसता येतं. माणूस दुखणं ऐन भरात असताना उपचाराला जातो आणि ते तसंही ओसरणारच असतं. नोंद नसेल तर श्रेय सुईला जातं. सुया सुरू कराल त्याच आठवड्यात नवी गोळी किंवा नवा व्यायाम सुरू करू नका. सहा बैठकांनंतर वही उघडा. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले तर उत्तम, कंबरेचं दुखणं तिसऱ्या हिश्शाने घटलं तरी पुढे जा. जैसे थे असेल तर थांबा.

आणखी एक. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेत असाल, तर त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरत असतील. तो गुंता आधी डॉक्टरांकडून सोडवून घ्या. चालू असलेली प्रतिबंधक औषधंही मनाने बंद करू नका.

सूक्ष्मसुई:
पायजमा ढगळ घाला, गुडघ्याच्या वर सरकला पाहिजे. घट्ट जीन्समध्ये अर्धे बिंदू झाकलेलेच राहतात.